जुनं मराठी पुस्तक वेबवर नीट कसं आणायचं: स्कॅनपासून परवान्यापर्यंत

मी पोटापाण्यासाठी वेबसाइट बनवतो आणि वेळ मिळेल तसा जुन्या मराठी पुस्तकांचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोन-संगणकावर सारखाच वाचता येईल अशा अक्षर-कोडांत, आणायचं काम करतो. लोक बऱ्याचदा विचारतात की आमच्याकडे आजोबांच्या कपाटात एक पुस्तक आहे, किंवा गावच्या वाचनालयात पडून आहे, ते "ऑनलाइन टाकायचं" तर काय करायचं, आणि बहुतेकांच्या डोक्यात असतं की मोबाइलने फोटो काढायचे, पीडीएफ बनवायची, ग्रुपवर पाठवायची, झालं. पण ती पीडीएफ म्हणजे कागदाचे फोटोच असतात. त्यात शब्द शोधता येत नाही, एक उतारा कॉपी करता येत नाही, फोनवर अक्षर मोठं केलं की ओळ स्क्रीनच्या बाहेर जाते, आणि दृष्टिहीन वाचकाच्या, स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला तर ते पान कोरंच असतं. पुस्तक खरंच खुलं करायचं असेल तर त्याचा साधा, शुद्ध, युनिकोड मजकूर तयार झाला पाहिजे आणि तो कुणीही घेऊन वापरू शकेल असा परवाना त्याच्यावर स्पष्ट लिहिलेला पाहिजे. बाकी वेबपान, इपब (ई-बुकची फाइल), पीडीएफ, ऑडिओ हे सगळं त्या मजकुरातून नंतर कितीही वेळा काढता येतं. खाली जे लिहितोय ते याच क्रमाने.

पहिलं काम: हक्क बघा

हे कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक शेवटी बघतात, आणि मग दोनशे पानं टाइप केल्यावर कळतं की पुस्तक अजून कॉपीराइटमध्ये आहे. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाचं निधन ज्या वर्षी झालं त्याच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. आधी ही मुदत ५० वर्षं होती, १९९२ला ती ६० झाली. म्हणजे साने गुरुजी गेले १९५० साली, त्यांचं लेखन २०११च्या १ जानेवारीपासून सगळ्यांचं झालं. डॉ. आंबेडकर १९५६ला गेले, म्हणजे त्यांनी हयातीत छापलेलं लेखन २०१७पासून मुक्त. आचार्य अत्रे १९६९ला गेले, तिथे २०२९ संपेपर्यंत थांबायला लागेल, घाई करून उपयोग नाही.

लेखकाच्या मरणानंतर पहिल्यांदा छापलं असेल तर मात्र मोजणी प्रकाशनाच्या वर्षावरून होते. बहिणाबाई चौधरी १९५१ला गेल्या आणि त्यांच्या कवितांचं पुस्तक १९५२ला आलं, तर १९५३पासून ६० वर्षं, म्हणजे २०१२ संपल्यावर ते मुक्त. दोन लेखकांनी मिळून लिहिलं असेल तर जो उशिरा गेला त्याच्यावरून मोजायचं. भाषांतर असेल तर भाषांतरकाराचा हक्क वेगळा असतो, तो विसरू नका. आणि सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे नवी आवृत्ती: मूळ मजकूर शंभर वर्षांपूर्वीचा असतो पण प्रस्तावना १९९५ची, टिपा कुणा प्राध्यापकांच्या, मुखपृष्ठ अजून हयात असलेल्या चित्रकाराचं. अशा वेळी फक्त मूळ मजकूर घ्या, किंवा सरळ जुनी आवृत्तीच शोधा. विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फाइल-भांडारात, चढवणार असाल तर तिथे भारताबरोबर अमेरिकेच्या कायद्यातली स्थितीही बघतात, तेवढं ध्यानात ठेवा.

लेखक हयात असेल आणि त्याला स्वतःला पुस्तक खुलं करायचं असेल तर ते अजून सोपं, त्याबद्दल खाली परवान्याच्या ठिकाणी लिहितो.

स्कॅन

यावर फार लिहीत नाही. ३०० डीपीआयच्या (एका इंचातले ठिपके) खाली जाऊ नका, बारीक टाइप असेल तर ४०० घ्या, पान सपाट ठेवा, सावली पडू देऊ नका. मूळ स्कॅन जसेच्या तसे जपून ठेवा, साफसफाई कॉपीवर करा, त्यासाठी स्कॅन टेलर नावाचं मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर चांगलं आहे. आणि आतल्या पानाच्या मागे जिथे मुद्रक, प्रकाशक, आवृत्ती, साल, किंमत छापलेली असते ते पान अजिबात सोडू नका, लोक मजकूर नाही म्हणून ते गाळतात, पण हक्काचा पुरावा तिथेच असतो.

मजकूर काढणं

इथे दोन वाटा आहेत. पुस्तक जुनं छापील असेल तर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं मशीनने ओळखणं. पुस्तक गेल्या तीसेक वर्षांत संगणकावर जुळवलेलं असेल आणि मूळ फाइल हातात असेल तर फॉन्ट कन्व्हर्जन, म्हणजे जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणं.

ओसीआरसाठी टेसरॅक्ट वापरा. एचपीमध्ये ऐंशीच्या दशकात सुरू झालेलं हे इंजिन २००५ला खुलं झालं, आणि चौथ्या आवृत्तीपासून त्यात न्यूरल नेटवर्क आलं तेव्हापासून देवनागरीत खूप सुधारलं. भाषा निवडताना मराठी निवडा, देवनागरी आहे म्हणून हिंदी चालेल असं समजू नका, पुस्तकात संस्कृत श्लोक असतील तर मराठी आणि संस्कृत दोन्ही एकत्र देता येतात. मराठी विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त ग्रंथालयावर, काम करणार असाल तर तिथे ओसीआरचं बटण पानातच मिळतं, इन्स्टॉल वगैरे काही करायला लागत नाही.

पण ओसीआरनंतर माणसाने वाचायलाच लागतं, याला पर्याय नाही. घ आणि ध, थ आणि य, भ आणि म, ब आणि व, प आणि ष या जोड्या डोळ्यात तेल घालून बघा, जुन्या छपाईत शाई पसरलेली असते तिथे मशीन हमखास चुकतं. विकिस्रोताची पद्धत मला या कामासाठी सगळ्यात प्रामाणिक वाटते: एका बाजूला पानाचं चित्र, दुसऱ्या बाजूला मजकूर, एकाने तपासलं की पान पिवळं होतं, आणि दुसऱ्या माणसाने पुन्हा तपासल्याशिवाय ते हिरवं होत नाही. स्वतः केलेलं पान स्वतःच हिरवं करता येत नाही. वाचणाऱ्याला पण समजतं की या मजकुरावर किती भरवसा ठेवायचा, आणि शंका आली तर मूळ पान तिथेच शेजारी आहे.

आता दुसरी वाट, फॉन्टची. नव्वदच्या दशकापासून मराठीतली बहुतेक छपाई श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम अशा पॅकेजांवर झाली. यातली श्रीलिपी आणि आयएसएम तर पुण्यातच तयार झाली, आणि या साधनांशिवाय मराठी डीटीपी (संगणकावरची पानजुळणी) उभंच राहिलं नसतं हे मान्य केलं पाहिजे. पण त्यातला मजकूर दिसायला मराठी असला तरी फाइलच्या आत रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड असतात, फॉन्ट त्या कोडवर मराठी आकार काढून दाखवतो. फॉन्ट बदलला की सगळं अगम्य. म्हणून आधी फाइलमध्ये नेमका कोणता फॉन्ट आहे ते बघा, श्री-देव ०७०८ असेल की डीव्ही-टीटी सुरेख असेल, नाव आणि आकडा दोन्ही लिहून ठेवा, कारण एकाच कंपनीच्या दोन फॉन्टांचे तक्तेसुद्धा वेगळे असू शकतात आणि चुकीचा कन्व्हर्टर लावला की नव्वद टक्के बरोबर आणि दहा टक्के गुपचूप चुकलेला मजकूर मिळतो, जो पूर्ण बिघडलेल्या मजकुरापेक्षा वाईट.

कन्व्हर्टर स्वतः लिहिणार असाल तर कोडला कोड लावून भागत नाही. या फॉन्टांमध्ये अक्षरं डोळ्याला दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. पहिली वेलांटी डोळ्याला अक्षराच्या आधी दिसते पण युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते, आणि तेही जोडाक्षर असेल तर अख्ख्या जोडाक्षरानंतर. रफाराचं उलटं: दिसतो अक्षरावर, साठवला जातो अक्षराच्या आधी. म्हणून कन्व्हर्टरमध्ये पहिल्या फेरीत तक्ता लावायचा आणि दुसऱ्या फेरीत वेलांट्या आणि रफार जागेवर न्यायचे. चाचणीसाठी "स्थिती", "मूर्ती", "कार्तिक", "निर्मिती", "आर्द्रता" असे शब्द घ्या, हे पाचही नीट आले तर बरंचसं जमलं.

एकसारखं दिसणारं पण एक नसलेलं

इथे जरा थांबून वाचा, कारण मराठी मजकुराचा शोध बिघडतो तो बहुतेक याच्यामुळे.

"ॲप" हा शब्द घ्या. यातला ॲ हे युनिकोडमध्ये एक स्वतंत्र अक्षर आहे, ते २००८ साली ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधी आणि अजूनही बरेच कीबोर्ड अ लिहून त्यावर अर्धचंद्र देतात. दोन्ही डोळ्याला सारखेच, पण संगणकाला वेगळे, आणि युनिकोडचं ठरलेलं सामान्यीकरण, ज्याला एनएफसी म्हणतात, ते यांना एक करत नाही. एक पद्धत ठरवा, मी नवं अक्षर घेतो, आणि सगळीकडे बदलून टाका.

दुसरी गोष्ट "दऱ्या" मधला ऱ्य. हा दोन-तीन प्रकारांनी लिहिलेला सापडतो: ऱ हे अक्षर, हलन्त (पाय मोडायची खूण) आणि य, किंवा र, नुक्ता (अक्षराखालचं टिंब), हलन्त आणि य, किंवा र, हलन्त, एक न दिसणारं जोडचिन्ह आणि य. पहिले दोन एनएफसीने एक होतात, तिसरा होत नाही, तो तुम्हालाच बदलायला लागतो. आणि कुणी हिंदीची साधनं वापरून "स्वच्छ" करायला गेलं आणि ते जोडचिन्ह नुसतं उडवलं तर "दऱ्या"चं "दर्या" होतं, डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र. "आचाऱ्यांना" जेवायचे पैसे द्यायचे असतात आणि "आचार्यांना" नमस्कार करायचा असतो, मजकुरात हा फरक राहिलाच पाहिजे.

मग विसर्गाच्या जागी टाइप केलेला कोलन, "दु:ख" आणि "दुःख" हे दोन वेगळे शब्द होऊन बसतात. कवितेतल्या दंडाच्या जागी कीबोर्डवरची उभी रेघ. अवग्रहाच्या जागी इंग्रजी एस. आ लिहिताना अ आणि काना वेगवेगळे. जुन्या पुस्तकात संक्षेपासाठी लिहिलेलं पोकळ टिंब, जसं "रा० रा०", ते मशीन शून्य समजतं की अनुस्वार याचा नेम नाही. या सगळ्यांची एक छोटी स्क्रिप्ट करून ठेवा, पायथनमध्ये पन्नास-साठ ओळींत होते, आणि ती स्क्रिप्टसुद्धा मजकुराबरोबर खुली ठेवा म्हणजे काय काय बदललं ते पुढच्या माणसाला दिसेल.

पण एक गोष्ट करू नका: जुनं लेखन "शुद्ध" करू नका. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ला शासनाने स्वीकारले, १९७२ला त्यात चार नियमांची भर पडली. त्याआधीच्या पुस्तकात "नांव", "घरांत", "कां", "केलें" असंच असणार, तो अनुस्वार त्या काळचा आहे, तो गाळायचा अधिकार आपल्याला नाही. स्पेलचेक लावून एका झटक्यात सगळं आजच्या नियमांत बसवलेली पुस्तकं मी बघितली आहेत आणि खरंच वाईट वाटतं, भाषेचा अभ्यास करणाऱ्यासाठी ती पुस्तकं निकामी झालेली असतात. मग आजच्या वाचकाने "नाव" शोधलं तर "नांव" कसं सापडणार? ते काम शोधाच्या इंडेक्सचं, म्हणजे शोधासाठी बनवलेल्या शब्दयादीचं, आहे. इंडेक्स बनवताना प्रत्येक शब्दाची एक सैल प्रत बनवा ज्यात अनुस्वार काढलेला, ऱ्हस्व-दीर्घ एक केलेलं, न दिसणारी चिन्हं काढलेली, वाचकाने टाइप केलेल्या शब्दालाही तेच करा आणि मग जुळवा. मजकूर काटेकोर, शोध सैल.

प्रोग्रामर असाल तर अजून थोडं. "क्षि" हे वाचकाला एक अक्षर, युनिकोडला चार कोड, आणि यूटीएफ-८मध्ये बारा बाइट. त्यामुळे पहिली शंभर "अक्षरं" कापून सारांश दाखवायचा असेल तर बाइट किंवा कोड मोजून कापू नका, वेलांटी किंवा हलन्त मध्येच लटकतो, आताच्या ब्राउझरमध्ये अक्षरगट मोजायची सोय आहे ती वापरा. शब्दसूची लावताना युनिकोडच्या आकड्यांनी क्रम लावला तर ळ हा ल आणि व यांच्यामध्ये येतो, आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो आणि मग क्ष, ज्ञ. म्हणून क्रम लावताना भाषा मराठी सांगा आणि निकाल एकदा डोळ्याने तपासा.

साधा मजकूर, मग बाकी सगळं

मजकूर मार्कडाउनमध्ये, म्हणजे थोड्या साध्या खुणा घातलेल्या मजकूर-फाइलमध्ये, ठेवा. वर्ड फाइल नको, पेजमेकर नको. प्रकरणाला एक फाइल, आणि शक्यतो प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर, कारण गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर) ठेवल्यावर कुणी काय बदललं हे ओळीनुसार दिसतं आणि परिच्छेद अखंड एका ओळीत असेल तर एका मात्रेचा बदलही पूर्ण परिच्छेद बदलल्यासारखा दिसतो. ओळी तोडल्या तरी वाचकाला काही फरक पडत नाही, मधे रिकामी ओळ नसेल तर परिच्छेद एकच राहतो. गिटची ज्यांना धास्ती वाटते त्यांनी विकिस्रोतावरच राहावं, तिथेही प्रत्येक बदलाचा इतिहास असतोच.

यातून पॅनडॉक हे फाइलचं स्वरूप बदलणारं सॉफ्टवेअर वापरून इपब आणि एचटीएमएल दोन्ही निघतात. इपब म्हणजे आतून झिप केलेली वेबपानंच, त्यामुळे वेब येणाऱ्याला नवीन शिकायला जवळपास काही नाही. माहितीच्या फाइलमध्ये शीर्षक, लेखक, मूळ प्रकाशनाचं साल, भाषा आणि हक्क एवढं भरा. सिगिलमध्ये हाताने दुरुस्त करा, इपबचेकने तपासा, कॅलिबरमध्ये उघडून बघा. कॅलिबर लिहिणारे कोविद गोयल आपल्या मुंबईचे, जगभरात ई-बुक वाचणारे लोक ते सॉफ्टवेअर वापरतात आणि ते पूर्ण मुक्त आहे, हे मला दरवेळी सांगावंसं वाटतं.

वेबपानात भाषा मराठी आहे हे एचटीएमएलच्या मुळातच लिहा. ते फक्त औपचारिक नाही. ल आणि श यांचे मराठी वळण आणि हिंदी वळण वेगळे आहेत पण युनिकोड कोड एकच, कोणतं वळण दाखवायचं ते फॉन्ट त्या भाषेच्या खुणेवरून ठरवतो, आणि स्क्रीन रीडरसुद्धा त्यावरूनच मराठी आवाज निवडतो. फॉन्टसाठी टिरो देवनागरी मराठी, एक टाइपचा मुक्ता, आयआयटी मुंबईचा शोभिका, हे सगळे खुल्या परवान्याचे आहेत, इपबमध्ये घालून दिले तरी चालतात. फॉन्ट हलका करायला अक्षरं कापाल तर जोडाक्षरांचे नियम कापले जाणार नाहीत ना ते बघा. अक्षरांतलं अंतर सीएसएसने वाढवू नका, शिरोरेखा तुटते. तिरपं अक्षर नको, जोर द्यायचा तर ठळक करा. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, वर रफार आणि मात्रा, खाली उकार, मी १.७च्या आसपास ठेवतो.

पानाचा वेबपत्ता रोमन लिपीत आणि छोटा ठेवा. मराठी पत्ता ब्राउझरमध्ये सुंदर दिसतो पण कॉपी करून पाठवला की बऱ्याच ठिकाणी प्रत्येक कोडची नऊ चिन्हं होतात आणि ती लांबलचक माळ ईमेलमध्ये मधेच तुटते. पत्ता एकदा दिला की बदलू नका. साइट शक्य तितकी साधी, नुसत्या एचटीएमएल फाइलांची करा, डेटाबेस नाही तर हॅक व्हायला आणि बंद पडायला फार काही उरत नाही. आणि एकाच ठिकाणी विसंबू नका, जिओसिटीज ही मोफत वेबपानं ठेवायची साइट २००९ला बंद झाली तेव्हा लाखो लोकांची पानं एकदम गेली, काही स्वयंसेवकांनी धावपळ करून वाचवली तेवढीच राहिली. स्कॅन, मजकूर आणि इपब तिन्ही इंटरनेट आर्काइव्ह या मोफत डिजिटल ग्रंथालयावर चढवा.

परवाना

पुस्तक मुक्त झालेलं असेल तर तुम्ही टाइप केलं म्हणून ते तुमचं होत नाही. पानापानावर आपल्या साइटचं नाव वॉटरमार्क करणं, उजवं क्लिक बंद करणं, "कॉपी करू नये" लिहिणं, हे कृपा करून नको. तुमच्या मेहनतीची नोंद शेवटच्या पानावर करा, ज्यांनी तपासलं त्यांची नावं त्यांना विचारून लिहा, आणि मजकूर सार्वजनिक आहे हे स्पष्ट लिहा. नाही लिहिलं तर सावध माणूस वापरत नाही आणि बेफिकीर माणूस तसाही वापरतो.

हयात लेखकांसाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२पासून आहेत आणि ते समजायला सोपे आहेत. मी सहसा बाय-एसए सुचवतो: नाव द्या, आणि पुढे वाटताना त्याच अटींवर वाटा. विकिपीडियाचा मजकूरही याच जातीच्या परवान्याखाली आहे. लेखकांना बहुतेक वेळा "व्यावसायिक वापर नको" ही अट हवीशी वाटते, भीती समजते, पण ती घातली की विकिस्रोत, कॉमन्स ते पुस्तक घेत नाहीत, आणि तालुक्याच्या गावात चार रुपये नफा ठेवून पुस्तिका छापणारा छोटा मुद्रकही अडतो. कुणी छापून विकलं तर विकू दे, नाव लेखकाचंच राहणार आहे. सगळेच हक्क सोडायचे असतील तर आपल्या कायद्यातल्या कलम २१खाली लेखकाला तेही जाहीर करता येतं. ज्या वेबवर आपण हे सगळं टाकतोय ते तंत्रज्ञानसुद्धा सर्न या संस्थेने ३० एप्रिल १९९३ला सगळ्यांसाठी मोकळं करून टाकलं म्हणून आज कुणाला परवानगी मागत बसावं लागत नाही.

कॉपीराइटमधलं पुस्तक दृष्टिहीन वाचकासाठी वाचता येईल अशा स्वरूपात आणायचं असेल तर २०१२च्या दुरुस्तीने कायद्यात त्याची वेगळी तरतूद आहे, आणि दृष्टिहीनांना पुस्तकं मिळावीत म्हणून झालेला मराकेश करार मान्य करणारा पहिला देश भारत होता, २०१४ला. ही वाट फार कमी लोकांना माहीत आहे. अंध विद्यार्थ्यांसाठी काम करणारी संस्था तुमच्या शहरात असेल तर त्यांना जाऊन भेटा, त्यांना कोणती पुस्तकं आधी हवी आहेत ते विचारा.

पुस्तक चढवल्यावर प्रत्येक प्रकरणाखाली चूक कळवायची सोय ठेवा आणि आलेली चूक मूळ स्कॅनशी ताडूनच दुरुस्त करा, वाचकाला जे चुकीचं वाटतं ते कित्येकदा मूळ पुस्तकात तसंच छापलेलं असतं, अशा ठिकाणी मजकूर तसाच ठेवून टीप द्या. दुरुस्त्या साठल्या की नवी तारीख घालून इपब पुन्हा काढा, जुना काढून टाकू नका, कुणीतरी त्यातला उतारा आपल्या प्रबंधात दिलेला असू शकतो.